पाठ केलेली अक्षरं

संघमित्रा सातवीत होती, आणि त्या आठवड्यात तिचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. सुरुवात झाली नीतू मॅडमच्या हिंदीच्या तासाला.

मॅडमनी एक छोटा उतारा वाचून दाखवला. एक बाई दारात उभी आहे. चूल पेटलेली, दोन ताटं वाढलेली. ती तीनदा रस्त्याकडे बघते आणि परत आत जाते. बस, एवढाच.

"बताओ, क्या कर रही है?"

"किसी का इंतज़ार," सगळे ओरडले.

"कहाँ लिखा है?"

पोरांनी पुस्तकं धुंडाळली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. मॅडम हसल्या. जे लिहिलेलं नसतं पण खुणांवरून कळतं, ते अनुमान. मात्र एका खुणेवर विसंबायचं नाही, दोन-तीन जुळल्या पाहिजेत. मग त्यांनी फळ्यावर डोंगरासारखी रेघ काढली. गोष्ट सुरू होते, गुंता वाढत वर चढतो, शिखर येतं, मग उतार. "चोटी पर किसी को कुछ तय करना ही पड़ता है," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दहामधल्या आपल्या क्वार्टरमध्ये संघमित्राला जिकडेतिकडे खुणाच दिसायला लागल्या. तिचे बाबा, रोशन, प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. उंच केबिनमध्ये बसून लोखंडाचे गठ्ठे या टोकाचे त्या टोकाला न्यायचे. तेच बाबा हल्ली चहा कपाच्या बाहेर ओतत होते. मोबाइलवरचे निरोप तिच्याकडून वाचून घेत होते. दिवस मावळला की स्कूटर बाहेर काढतच नव्हते. आणि सकाळी दाढी करताना आरशापुढे एकाच चालीत काहीतरी पुटपुटत होते, "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी."

"काय म्हणून राहिले बाबा तुमी?"

"कोड हायेत मशीनचे. तू आपला अभ्यास कर."

आई, शेवंता, भाजी चिरता चिरता म्हणाली, "प्रमोशनची परीक्षा असंन." संघमित्रालाही ते पटलं. कॅलेंडरवर शनिवारभोवती बाबांनी गोल केला होता. परीक्षाच असणार.

गुरुवारी शाळेत डोळे तपासायला माणसं आली. रांग पुढे सरकली, नर्सनं संघमित्राच्या डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. वर एक मोठं अक्षर, खाली दोन, मग तीन.

"ई. एफ, पी. टी, ओ, झेड..."

डोळे पोचायच्या आधीच अक्षरं तोंडातून निघत होती. बाबांच्या चालीत.

"अरे, इतनी जल्दी? देखकर पढ़ो," नर्स म्हणाली.

संघमित्राला पुढची ओळ वाचताच येईना. चहा, मोबाइल, स्कूटर, शनिवार. शनिवारी परीक्षा नव्हती, प्लांटची मेडिकल तपासणी होती. आणि बाबा तक्ता पाठ करून जाणार होते.

उरलेले तास कसे गेले, तिला समजलं नाही. घरी आली तर बाबा पहिली पाळी करून परतले होते आणि शेजारचे कमलेशकाका चहाला बसले होते. काका त्याच क्रेनखाली काम करायचे. गठ्ठ्याला साखळी अडकवायची आणि वर बघून हातानं इशारा द्यायचा.

"आज दोनदा थांबाचा हात दाखवला तुह्या बापाले," काका हसत म्हणाले, "तरी माल खालीच येऊन राहिला. मीच बाजूले सरकलो. काहून बे रोशन, झोप लागली होती का?"

बाबा मोठ्यानं हसले. गरजेपेक्षा जास्तच मोठ्यानं. संघमित्राला तिथं उभं राहवेना आणि आतही जाववेना. काका गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, ते कोड नाही. डोळ्याच्या तक्त्याचे अक्षर हायेत."

बाबांचा कप हवेतच थांबला. "कोनं सांगितलं?"

"कोनीच नाही. मले समजलं."

"मंग आता गावभर सांगशीन?" त्यांचा आवाज चढला. "बावीस वर्सं झाले क्रेनवर. डोळे मिटून चालवतो मी!"

"पन खाली कमलेशकाका असतात, बाबा."

बाबांनी कप खाली ठेवला. चपला शोधल्या, एक पाय चुकला, दुसऱ्यांदा घातला आणि बाहेर पडले. संघमित्रानं रडत रडत आईला सगळं सांगितलं. आई मटकन खाली बसली. मग दोघींचं दारापर्यंत जाणं आणि परत येणं सुरू झालं. पाच वाजले, साडेपाच वाजले. सहाला बाबा आले, कमलेशकाकांचा हात धरून. काका आता हसत नव्हते.

"यानं मले सगळं सांगितलं, वहिनी," ते म्हणाले. "उद्या मी याच्यासंगं साहेबाकडे जातो."

शुक्रवारी बाबा क्रेनची शिडी चढले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झालेत. गेली ती नजर परत येणार नाही, लेझरनं उरलेली टिकवता येईल. क्रेन सुटली. बाबांना नटबोल्टच्या स्टोअरमध्ये बसवलं.

नऊ दिवस ते संघमित्राशी बोलले नाहीत. घरी आले की व्हरांड्यात येरझारा घालायचे. तिचंही वाचनात मन लागेना. एकदा तिनं आईला विचारलं, "मी बोलली नसती तं?"

"तं तो रोज जीव मुठीत धरून वर चढला असता," आई म्हणाली. "अन् एखाद्या दिवशी कमलेश बाजूले सरकला नसता."

दहाव्या दिवशी दुपारी बाबांनी खाटेवरून हाक मारली, "मित्रा, हे औषध टाक. तुही आई गालावरच टाकते."

तिनं बाटली धरली. बाबांनी मान मागं टाकली, डोळे सताड उघडे ठेवले. तिचा हात कापत होता. पहिला थेंब नाकावर पडला.

"घाई करू नको," बाबा म्हणाले. "हलत्या हातानं माल सोडाचा नाही. आधी पुरा थांबव. मंग हळूच सोड."

संघमित्रानं श्वास रोखला, हात थांबवला आणि बाटली हलकेच दाबली. थेंब डोळ्यात पडला. बाबांनी पापण्या मिटल्या.

"हं," ते म्हणाले. "आता दुसऱ्यात टाक."