सुकेळी न पाठवणे

जयवंतराव देशमान्यांनी आपल्या घरात एक शब्द मोठ्याने उच्चारायला बंदी घातली होती. शब्द होता 'सुकेळी'. भिंतींना कान असतात आणि वसईतल्या फ्लॅटच्या भिंतींना तर अंमळ जास्तच, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नी विनयाबाई मान डोलवायच्या आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहायच्या.

साताऱ्याला एका सरकारी कचेरीत जयवंतरावांनी चौतीस वर्षं मोडीतल्या जुन्या दस्तांच्या नकला उतरवल्या होत्या. निवृत्तीनंतर, अठ्ठ्याण्णव साली, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये दोघं राहायला आली. वाचनालयात जवळच्याच निर्मळ गावच्या आलोशियसची ओळख झाली. केळीची बागायत करणारा हा भला माणूस. त्याच्या वडिलांनी कधीकाळी जुन्या बाजारातून एक पेटी आणली होती, तिच्या तळाशी मोडीतली अकरा पत्रं निघाली. ती त्याने जयवंतरावांच्या हातात ठेवली आणि तेव्हापासून विनयाबाईंच्या घरात अठरावं शतक मुक्कामाला आलं.

पत्रं होती मोरो विश्राम नावाच्या वकिलाची. हा पेशव्यांचा गोव्याच्या फिरंगी दरबारातला वकील. घर इथेच वसईजवळ आगाशीला, नोकरी परक्या मुलखात. दरबारी खलिते तो पुण्याला पाठवत असणार, ही पत्रं मात्र धाकट्या भावाला होती. विजरईला, म्हणजे फिरंग्यांच्या व्हाइसरॉयला, ताप आहे, दोन गलबतं आली, इकडच्या भाताला चव नाही, असं सगळं रोजचंच. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच मजकूर फिरून फिरून यायचा: 'सुकेळी दोन शेर पाठवणे. वाटेत ओल लागो न द्यावी. तांडेलास न कळे ऐसे करणे. तुझे वहिनीस सांगणे की येथील पाद्रीही मागतात.'

ओल लागू द्यायची नाही. गलबताच्या तांडेलाला कळू द्यायचं नाही. पाद्रीही सामील! जयवंतरावांनी शब्दकोश पालथे घातले, सुकेळी कुठे सापडेना. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा सांकेतिक शब्द होता. सुकेळी म्हणजे बंदुकीची दारू, आणि वहिनी म्हणजे पुणे दरबार! शोध इतका मोठा होता, की कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर दुसराच कुणी तो आपल्या नावावर छापायचा.

रविवारी चार वाजता वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं: 'वकिलाचा गुप्त दारूगोळा'. आयुष्यातलं पहिलंच. विनयाबाईंना ठाऊक होतं, की हे नुसतं व्याख्यान नाही. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर उतरवून खाली सही करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगायचं होतं. पत्रं आल्यापासून ते दाढी करताना गुणगुणत, जेवताना आणखी अर्धी भाकरी मागून घेत. निवृत्तीनंतर खिडकीशी बसून राहिलेला त्यांचा नवरा हा नव्हेच. हा त्यांना फार आवडायला लागला होता.

शनिवारी सकाळी विनयाबाई रिक्षाने निर्मळला आमंत्रण द्यायला गेल्या. आलोशियसची बायको फ्लॉसी अंगणात चटईवर काहीतरी तांबूस, सुरकुतलेलं उलटंपालटं करत होती.

"हे काय हो, फ्लॉसीबाई?"

"काय म्हंजे? सुकेळी," फ्लॉसी म्हणाली. "राजेळी केळी पिकवायची, सोलून उन्हात सुकवायची. पानी लागला का बुरशी धरते. खा ना बाय, लाजते कशाला?"

विनयाबाई ओट्यावर बसल्याच. एक तुकडा तोंडात टाकला. मधासारखा गोड. ओल का लागू द्यायची नाही, ते कळलं. तांडेलाला का कळू द्यायचं नाही, तेही कळलं: तो मेला वाटेत खात होता! इतिहासात एकदा ध चा मा झाला होता म्हणतात. इथे त्यांच्या यजमानांनी केळ्यांची बंदुकीची दारू केली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"उद्या आमी सगळी येनार हां," फ्लॉसीने पुडी बांधून हातात दिली. "आगाशीची पन येतील. सरांचा पयला भाषन ना!"

परतीच्या वाटेवर विनयाबाईंना हसू आलं आणि लगेच मावळलंही. सांगितलं तर माणूस मोडेल. मूग गिळून बसावं, तर उद्या भर सभेत सुकेळी वाळवणाऱ्या गावापुढे त्याचं हसं होईल. लोक जयवंतरावांना हसले असते, ते विनयाबाईंना सहन झालं नसतं. स्वतः त्या बत्तीस वर्षं हसत होत्या, पण तो त्यांचा हक्क होता.

घरी जयवंतराव आरशासमोर भाषणाचा सराव करत होते. विनयाबाईंनी टेबलावर पुडी ठेवली.

"अहो, ही घ्या तुमची बंदुकीची दारू. निर्मळला उन्हात वाळत घातली होती."

जयवंतरावांनी पुडी उघडली, वास घेतला, एक सुकेळं खाल्लं. मग भाषणाचे कागद दुमडून म्हणाले, "कळवून टाकतो वाचनालयाला. प्रकृती बरी नाही म्हणून."

"काही कळवायचं नाही," विनयाबाई खेकसल्या. "मला वाचून दाखवा ती पत्रं. इतके दिवस नुसती हेरगिरी ऐकवलीत. आज आलेल्या टपालासारखी वाचा."

ते वाचायला लागले. पहिल्या दोन पत्रांत आवाज पडलेला होता. पुढे तो हळूहळू बदलत गेला. परक्याच्या दरबारात नऊ वर्षं वाकून बोलणारा एक माणूस, जनरीतीपायी बायकोला सरळ पत्र लिहू न शकणारा, भावाच्या आडून तिच्या हातचं मागत होता. 'वहिनीस सांगणे, या खेपेची फार गोड.' 'वहिनीस सांगणे, दातांस आताशा चावत नाहीत, तरी पाठवणे.' मग अकरावं पत्र आलं. त्यातल्या एका ओळीखाली जयवंतरावांनी लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं: 'हल्ल्याचा इशारा'. ती ओळ अशी होती: 'यंदा सुकेळी न पाठवणे. आम्हीच येतो.'

पुढे त्यांना वाचवेना. विनयाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आता कळलं ना उद्या काय सांगायचं ते?" त्या म्हणाल्या.

रविवारी वाचनालय भरलं होतं. जयवंतरावांनी सुरुवातीलाच आपली चूक कबूल केली. वहिनी म्हणजे पुणे दरबार, इथे आलोशियसला ठसका लागला. सगळे पोट धरून हसले, पण ते हसणं घरच्यासारखं होतं. मग त्यांनी एकेक पत्र वाचलं, आणि हसणारी माणसं गप्प होत गेली. शेवटची ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मग पोचला का तो घरी?" मागून कुणीतरी विचारलं.

ठोकून द्यायची जयवंतरावांची जात नव्हती. "माहीत नाही," ते म्हणाले. "मी पेटी दोनदा शोधली. याच्यापुढे एकही पत्र नाही."

सभागृहात चुकचुकण्याचा आवाज झाला. पावसाळी समुद्र, साथी, लढाया, काय नसेल झालं! विनयाबाईंचेही डोळे भरून आले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून फ्लॉसी उठली. ती चक्क रागावली होती.

"सर, तुमी असा काय बोलता? पुढचा पत्र नाय म्हंजे पोचलाच ना तो! घरी आल्यावर मानूस पत्र लिवनार कोनाला?"

जयवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या विनयाबाईंकडे.

"पोचला," ते म्हणाले.