दार उघडं ठेवणारी पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. लोहचुंबकाची. वीतभर लांब, तीन बोटं रुंद, आणि पाठीवर निळ्या रंगातलं अर्धं अक्षर. बाजारात मला कुणी फुकट घेणार नाही. पण पहिलीच्या वर्गातली एकोणीस मुलं वर्षभर माझ्या जिवावर आत-बाहेर करत होती, म्हणून चार शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

माझा जन्म ऑर्विलच्या जुन्या गाडीच्या दारावर झाला. ऑर्विल म्हणजे झाडूपासून बॉयलरपर्यंत आमच्या शाळेचं सगळं बघणारा म्हातारा शिपाई. त्याआधी तो विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. तेव्हा गाडीच्या दाराला चिकटणारी चुंबकाची रबरी पाटी त्याने करून घेतली होती. धंदा बसला आणि पाटी कोठारात जाऊन पडली. मग एका सुट्टीत त्याने जाड कात्रीने तिचे बारा तुकडे केले, कारण शाळेत वर्ग बारा. मी पहिलीच्या वाट्याला आले.

त्याचं कारण असं. कुणी बंदूकवाला शाळेत शिरला तर मुलं वाचावीत, म्हणून राज्याचा कायदा सांगतो की वर्गाच्या दाराला सदासर्वदा कुलूप असावं. कायदा करणाऱ्यांनी पहिलीचा वर्ग कधी पाहिला नसावा. एकाला पाणी हवं, दुसरीला शू लागलेली, तिसऱ्याचा डबा बसमध्ये राहिलेला. दर वेळी बाईंनी उठून दार उघडायचं म्हटलं तर अक्षरं गिरवून घ्यायची कधी? म्हणून ऑर्विलने ही युक्ती काढली. कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत शिरली की दार लागतं. त्या खाचेवर मला चिकटवलं की जीभ आत जात नाही. कुलूप लावलेलंच, कायदाही खूश, आणि पोरांनी ढकललं की दार उघडतं. संकट आलं तर बाईंनी मला ओढायचं, की दार खट्टदिशी बंद. किल्ली शोधत बसायला नको.

वर्गाच्या बाई म्हणजे कोलीन रॅडमाकर. शेतकऱ्याची मुलगी, रुंद खांद्यांची, हसली की अख्खी हलणारी. रोज सकाळी त्या माझ्याशेजारी दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पोटाशी धरायच्या. ऑपल नावाची एक बारकीशी मुलगी दोनदा मिठी मारायची.

"ही माझी, आणि ही बाबाची. बाबा ट्रक घेऊन गेलाय ना, म्हणून त्याचीपण मीच घेते."

"घे बाई, घे," रॅडमाकरबाई म्हणायच्या. "दोघांची मिळून एक मोठी देऊ का?"

"नको. दोन वेगळ्या."

असे माझे चांगले दिवस होते. दाराची एक पट्टी आणखी काय मागणार?

मग नवा कायदा आला. शाळेतल्या नोकरदारांनी नेमबाजीचं शिक्षण घेतलं तर त्यांना हत्यार बाळगता येईल. आमच्या गावापासून शेरीफचं, म्हणजे पोलिसांचं, ठाणं पस्तीस मिनिटांवर, आणि बर्फ पडला तर देवाच्या भरवशावर. गावाने सभेत होकाराचे हात वर केले. पालकांना पत्र गेलं की शाळेत काही जण हत्यारबंद असतील, पण त्यांची नावं गुप्त राहतील. आता प्रश्न उरला, ती नावं आणायची कुठून?

मुख्याध्यापक ड्वाइट केसलर एकदा मुलं खेळायला गेल्यावर आमच्या दारात येऊन उभे राहिले. "कोलीन, नावं द्या म्हणालो तर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. व्यायामाचा मास्तर म्हणतो, पाठ धरलीय. स्वयंपाकघरातली मार्ज एका पायावर तयार आहे, पण तिला समोरचा फळा दिसत नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास, ड्वाइट?"

"तू बारा वर्षांची असल्यापासून कोल्हे टिपतेस. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"कोल्हा आला तर टिपीन की," बाई म्हणाल्या. "पण शाळेत बंदूक घेऊन येतो तो कोल्हा नसतो रे. बहुतेक वेळा आपणच ज्याला नाक पुसायला शिकवलं, तो पोरगा असतो."

केसलर म्हणाले, "पस्तीस मिनिटं लागतात, कोलीन. मला दुसरं काही सुचत नाही."

बाई हो म्हणाल्या. भोळेपणाने नाही आणि हौसेनेही नाही. आपापल्या बुटांकडे बघत बसलेल्या माणसांत कुणीतरी मान वर करायला हवी होती, एवढंच.

नाव गुप्त होतं, पण माझ्यापासून कसं लपणार? लोखंड मला कळतं. एका सोमवारी बाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि माझं अंग त्यांच्या कमरेकडे ओढ खाऊ लागलं. उजव्या बाजूला, लांब स्वेटरच्या आत, काहीतरी जड आणि गार होतं.

त्या दिवसापासून मिठ्या बंद झाल्या. कमरेला हात लागून कुणा पोराला कळलं तर? बाईंनी एक नवा खेळ काढला, कोपराला कोपर लावायचं आणि 'टक्कर' म्हणायचं. मुलं फिदीफिदी हसली. ऑपल हसली नाही.

"बाई, तुमचं पोट दुखतं का?"

"हो गं, जरा दुखतं."

दुसऱ्या दिवशी ऑपलने घरून मलमपट्टी आणली, गुलाबी, मांजराचं चित्र असलेली. "पोटाला लावा. उद्यापर्यंत बरं होईल." बाईंनी ती हातात घेतली आणि पाठ फिरवून फळा पुसू लागल्या. फळा कोराच होता.

दार लावून लपायच्या कवायती वाढल्या. केसलर आधी सांगायचे, 'ही कवायत आहे', मग मला ओढलं जायचं, दिवे जायचे, मुलं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायची. केसलर बाहेरून दाराची मूठ खडखडवून बघायचे. एकदा ते म्हणाले, "मी केसलर सर आहे, उघडा जरा." ऑपलला वळणच तसं चांगलं, मोठं माणूस म्हणतंय म्हणून ती उठली. मग सगळ्या वर्गाला समज मिळाली. आवाज कुणाचाही असो, एकदा लागलेलं दार उघडायचं नाही.

"बाहेर तुम्ही असलात तर?" ऑपलने विचारलं.

"मी असले तरी नाही."

"आणि मी असले तर?"

"तू आतच असशील," बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीतली सकाळ होती. जेवणाची सुट्टी व्हायला पाऊण तास होता. ऑपल शूला गेली होती, आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून केसलरांचा आवाज आला. "दारं लावा. दिवे घालवा. नजरेआड व्हा." कवायत हा शब्द आलाच नाही.

अठरा मुलं कोपऱ्यात पळाली. बाई दारातून बाहेर वाकल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बोळ रिकामा होता. शौचालय पार टोकाला, वळणापलीकडे. त्यांची बोटं माझ्यावर आली आणि तशीच थांबली. मी मनात ओरडत होते, ओढू नको गं बाई, अजून थोडं थांब. त्या थांबल्याही. तेवढ्यात पुढच्या दाराकडे काहीतरी धाडकन आपटलं, आणि त्यांनी मला ओढलं.

खट्ट.

मी जमिनीवर पडले, दाराच्या फटीशी. मी चौकटीवर होते तोवर दार उघडं होतं. मी सुटले आणि लागलं. ते पाप माझं, दुसऱ्या कुणाचं नाही.

थोड्या वेळाने छोटी पावलं आली. मूठ हलली. मग दारावर टकटक झालं, अगदी हळू.

"बाई, मी आहे. मी हात धुतलेत."

कोपऱ्यातून एक मुलगा कुजबुजला, "बाई, ती आपली ऑपल आहे." त्याच्या शेजारची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आवाज कुणाचाही असला तरी उघडायचं नसतं. बाईच म्हणाल्यात."

बाई गुडघ्यांवर दाराशी आल्या. उजव्या हातात ते लोखंड होतं. डावा हात मुठीपर्यंत गेला. तेवढ्यात कुठंतरी जड बूट वाजले आणि हात खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मागे अठरा होती, पुढे एक होती. असली वजाबाकी कुठल्या आईच्या लेकराला जमते हो?

दार जुनं, खाली दोन बोटं फट. त्या फटीतून ऑपलची दोन बोटं आत आली, अजून ओली होती. बाई फरशीवर पालथ्या पडल्या, गाल जमिनीला टेकवला आणि डाव्या हाताने ती बोटं धरली.

"ऑपल, आडवी हो. दाराला चिकटून पड. बोलू नको."

"आत येऊ?"

बाईंनी बोटं सोडली नाहीत. मी त्या दोघींच्या मध्ये पडले होते, आणि वीतभरावरचं ते पिस्तूल मला आपल्याकडे ओढत होतं. लोखंडाकडे ओढ घेणं हा माझा स्वभाव. त्या दिवशी मला त्याची किळस आली. अठ्ठावीस मिनिटं गेली, तीस गेली. बाईंचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल, नाहीतर शिव्या. अडतीसाव्या मिनिटाला शेरीफच्या माणसाने किल्लीने दार उघडलं.

झालं काय होतं, तर रस्ता मोजणारा एक माणूस मोजणीची तिपाई खांद्यावर टाकून शेतातून शाळेकडे येत होता. लांबून कुणाला ती बंदूक वाटली. धाडकन आपटलं ते कार्यालयाचं दार होतं. आणि ते जड बूट बॉयलरकडे पळणाऱ्या ऑर्विलचे. ऑपल रडली नाही. "संपली का कवायत?" एवढंच तिने विचारलं, आणि ती बाईंच्या कोपराला कोपर लावून आपल्या बाकावर जाऊन बसली.

केसलर संध्याकाळी येऊन म्हणाले, "तू नियम शब्दन् शब्द पाळलास, कोलीन. अहवालात मी तसं लिहिलंय."

"तो अहवाल मला दाखवू नकोस," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी ऑपलचा बाप आला, रॉइस. ट्रक बाहेर सुरूच ठेवून, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"बाई, शाळेत कुणाकडे तरी बंदूक असते ना? पोरांच्या रक्षणासाठी म्हणून? सभेत मीही हात वर केला होता. माझी पोर बाहेर पडली होती तेव्हा तो शूर माणूस कुठल्या बिळात होता हो?"

नाव सांगायला कायद्याने मनाई. लोखंड स्वेटरखाली, पुन्हा चौकटीवर चिकटलेल्या माझ्यापासून हातभर अंतरावर. बाईंनी स्वेटर खाली ओढला.

"मला माहीत नाही, रॉइस."

"तुम्हाला दोष देत नाही मी. तुम्ही तिची बोटं धरलीत, ती सांगत होती. तुम्ही बिचाऱ्या एकट्या आणखी काय करणार?"

तो गेल्यावर बाई दाराला पाठ लावून खाली बसल्या. बाहेर मुलं बर्फात ओरडत होती.

पुढच्या आठवड्यात वरातीमागून घोडं आलं. तपासणीस आले, दारं पाहिली, आणि सगळ्या पट्ट्या बेकायदा ठरल्या. दार आपोआप लागलंच पाहिजे, मध्ये अडथळा चालणार नाही. ऑर्विलने खालमानेने अकरा पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. मला बाईंनी टेबलाच्या खणात ठेवलं. का, ते मला ठाऊक नाही.

आता दार मुलांच्या पाठीमागे लागतं, आणि परत येताना प्रत्येकाला टकटक करावी लागते. दर टकटकीला बाईंच्या हातातला खडू गळून पडतो.

ऑपल टकटक करत नाही, कारण ती वर्गाबाहेर जातच नाही. सकाळपासून पाणी पीत नाही, दूध तसंच परत देते. अकराव्या दिवशी बाकाखाली शूचं तळं झालं. मुलं हसली नाहीत. पहिलीतल्या मुलांचं न हसणं, हेही मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाईंनी तिला कोरडे कपडे दिले. मग ऑपल टेबलाशी आली आणि अर्ध्या उघड्या खणात तिला मी दिसले.

"बाई, ही मी ठेवू? ही असली की दार लागत नाही ना? मग मी जाईन शूला."

बाईंना ठाऊक होतं. दार लागू नये तर मी चौकटीवर हवी. पोरीच्या खिशात माझा काही म्हणजे काही उपयोग नाही. तरी त्यांनी गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने तिला जवळ घेतलं, उजवी बाजू लांब ठेवून, आणि मला तिच्या हातात दिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडे."

तेव्हापासून मी ऑपलच्या खिशात असते. ती रोज एकटी त्या लांब बोळातून टोकापर्यंत जाते, मला घामेजल्या मुठीत धरून, छाती काढून. पाठीमागे दार खट्ट करून लागतं, तरी ती वळून बघत नाही. मी हातात आहे ना, मग दार उघडंच असणार, असं तिला वाटतं. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं. तुम्ही मोठी माणसं आहात, कायदे करता, सभेत हात वर करता. तुमच्यातलं कुणीतरी या पोरीला खरं सांगा हो. आणि सांगवत नसेल, तर निदान ती परत येईपर्यंत कुणीतरी दारात उभं राहा.