आईच्या मानेवरची तोंडं

आमच्या नातीला घरातल्या वस्तू न विचारता उचलायची खोड लहानपणापासूनची. या खेपेला "पुसूनबिसून आणते" म्हणून माझ्या उशाजवळचा फोटो नेला. महिनाभर "आणते गं, आणते" चाललं होतं. आज तिच्या प्रदर्शनाला गेले, तर तोच फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर!

गाव सोडताना कागदपत्रांसाठी काढलेला तो फोटो. कडेला वडील, पुढे आम्ही भावंडं, मधे आई. निघायच्या आधीच ती तापाने गेली. आमच्याबरोबर इकडे आली ती फोटोतूनच. तिचा दुसरा फोटो नाही.

आणि पडद्यावर माझ्या आईच्या मानेवर एका दाढीवाल्याचं तोंड! समोर जो उभा राहील त्याचं तोंड तिथे बसतं म्हणे. दाढीवाल्याने जीभ काढून दाखवली. ती आईच्या अंगावर वळवळली.

"हो बाजूला, मेल्या!" मी त्याला कोपराने सारला. तर तिथे आलं माझंच बोळकं. आईपेक्षा दुप्पट म्हातारं.

नातीने टाळ्या वाजवल्या. "बघ ना आजी, तू आणि पणजी एक झालात! स्थलांतरात माणसाची ओळख कशी बदलत जाते, तेच दाखवायचंय मला."

"ते भाषण पाहुण्यांना दे. हे थेर बंद कर आणि मला आईचा चेहरा दाखव."

ती नख कुरतडायला लागली. "फोटो काचेला चिकटला होता गं. मी ओढला, तर चेहरा काचेवरच राहिला. मग ते भोक बघून मला ही कल्पना सुचली..."

"काच कुठाय?"

"फुटली. टाकून दिली."

मागे कुणीतरी "किती भावुक क्षण!" म्हणत मोबाइल वर धरला. एरवी मी त्याची गचांडी धरली असती. पण मला हिच्याशीच बोलायचं होतं, आणि चारचौघांतच.

"फाटला म्हणून रडत आली असतीस, तर मीही रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या, आणि मग जेवायलाही वाढलं असतं. तू त्या भोकात लोकांना डोकी घालायला बोलावलंस, वर टाळ्या वाजवल्यास. निर्लज्ज आहेस तू."