मावशींचा मेंदू दचकतच नाही

टोपी बसवायलाच भाचीला पाऊण तास लागला. टोपी कसली, पोहताना घालतात तसलं घट्ट प्रकरण. त्याला बत्तीस वायरी, आणि प्रत्येक वायरीखाली गार, चिकट जेल.

"अगं, कालच केस धुतले होते," मावशी म्हणाल्या.

"मावशी, हलू नकोस. आणि सारख्या पापण्या मिटू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

भाची हसली नाही. तिचा जीव टांगणीला लागला होता. ऐकलेलं, वाचलेलं मेंदूला कसं समजतं, यावर ती दोन वर्षं प्रयोग करत होती. चाळीस माणसं हवी होती आणि एकोणचाळीस झाली होती. चाळिसावा माणूस आदल्या दिवशी तापानं आडवा झाला. दुपारी बाराला यंत्र दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं, आणि प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं होतं, "बारापर्यंत चाळीस झाले नाहीत, तर प्रयोग गुंडाळायचा." शेवटी तिनं मावशींना फोन केला. मावशी बालवर्गाच्या बाई. तीस वर्षं तीन-चार वर्षांची पोरं सांभाळत आल्या होत्या. शाळेला सुट्टी होती, म्हणून लगेच आल्या.

"हे बघ," भाची म्हणाली, "वाक्य संपेपर्यंत मेंदू गप्प बसत नाही. पुढे काय येणार याचा तो आधीच अंदाज बांधतो. 'त्यानं दार' एवढं वाचलं, की तो 'उघडलं' धरून बसतो. भलताच शब्द आला, की अर्ध्या सेकंदाच्या आत दचकतो आणि इथली रेघ उसळते. ती उसळी मला हवी आहे."

"म्हणजे मी दचकायचं. एवढंच ना?"

पडद्यावर एकेक शब्द येऊ लागला. आजोबांनी. वर्तमानपत्र. उघडलं. आणि. चावलं. मावशींनी शांतपणे वाचलं. मुलीनं. बुटाला. दूध. पाजलं. तेही वाचलं.

अशी साठ वाक्यं झाली. भाचीनं सरासरी काढली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. रेघ इस्त्री केलेल्या चादरीसारखी सपाट होती.

"मावशी, तू वाचत होतीस ना?"

"अक्षर न् अक्षर."

"मग 'त्यानं साबण घेतला आणि खाल्ला' यात तुला काहीच वावगं वाटलं नाही?"

"किती खाल्ला ते लिहिलं नव्हतंस," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे एक जण अर्धी वडी खातो आणि मग बुडबुडे काढतो. बाकीची बघायला रांग लावतात."

"आणि बुटाला दूध?"

"ते रोजचंच. डाव्या बुटाला आधी पाजायचं, नाहीतर तो रुसतो."

तेवढ्यात सर आत आले. त्यांनी रेघ पाहिली, घड्याळ पाहिलं. "यंत्र बिघडलंय, की बाईंना डुलकी लागली होती? हे टाकून द्या. एकोणचाळीसच झाले. चला, आवरा."

भाचीचे डोळे भरून आले. मावशींना वाटलं, पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, तेही साधं दचकायला, आणि आपल्याला तेवढंही जमू नये!

"परत लाव गं. या वेळी जोरात दचकते."

"ठरवून नाही दचकता येत, मावशी. ते आपल्याला कळायच्या आधीच होऊन जातं."

मावशी विचारात पडल्या. मूल उत्तर देत नसेल तर त्या मुलाला बदलत नसत, प्रश्न बदलत. "मग मला नवल वाटेल असं काहीतरी लिही की! हे सगळं तर आमच्या रोजच्या हजेरीतलं आहे."

भाची थबकली. मग तिनं डोळे पुसले आणि भराभर टाइप करत सुटली.

मुलांनी. खेळणी. उचलली. आणि. जागेवर. ठेवली.

रेघ टुणकन उडाली.

"कोणी? कुठल्या मुलांनी?" मावशी ओरडल्या.

चौघांना. एक. चेंडू. दिला. आणि. ते. आळीपाळीनं. खेळले.

"काहीतरीच काय लिहितेस!"

मुलं. गादीवर. पडली. आणि. लगेच. झोपली.

रेघ पडद्याच्या वर निघून गेली. मावशींचा आवाज कापरा झाला. "कुठे आहे गं ही शाळा?"

"सर, बघा!" भाची म्हणाली. "वाक्य विचित्र असून भागत नाही. ज्याच्या-त्याच्या मेंदूला ते विचित्र वाटलं पाहिजे. अंदाज बांधतो तो जगलेल्या दिवसांवरून. आता मला बालवर्गाच्या आणखी बाई तपासायला हव्यात. यंत्र आणखी पंधरा दिवस द्या."

"एका माणसावरून काही ठरत नाही."

"मग दुसरा बसवा," म्हणत मावशींनी टोपी काढली. तीस मुलांना रोज टोपरी घालणारा हात तो. पाच मिनिटांत सरांच्या डोक्यावर टोपी, वायरी, जेल, सगळं जागच्या जागी. "मान सरळ. हात मांडीवर. शहाणा मुलगा."

सरांनी हात मांडीवर ठेवले.

साबणाला त्यांची रेघ उडाली, बुटाला उडाली. मुलं लगेच झोपली, तिथे ती ढिम्म राहिली.

"ठीक आहे, फरक दिसतोय," सर म्हणाले. "पण मुदत मिळणार नाही."

मावशी भाचीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. पडद्यावर शब्द आले. सरांनी. मुदत. पंधरा. दिवसांनी. वाढवली.

अशी उसळी त्या खोलीत कोणी पाहिली नव्हती.

सर सावरून बसले. "एकदा दाखवून काही सिद्ध होत नाही."

"अगदी बरोबर," मावशी म्हणाल्या. "एकदा सांगून कोणाला कळलंय? परत दाखव गं."

दुसऱ्यांदा रेघ थोडी कमी उडाली. पाचव्यांदा नुसती थरथरली. नवव्यांदा तर आडवीच पडून राहिली.

"बघा, झाली की सवय," मावशी म्हणाल्या आणि भाचीनं तेवढ्यात छापून काढलेला मुदतवाढीचा अर्ज त्यांनी सरांपुढे सरकवला.

सरांनी तो वाचला. डोक्यावर बत्तीस वायरी तशाच लोंबत होत्या. बाराला पाच मिनिटं असताना त्यांनी मुकाट्यानं सही केली.

"शाब्बास!" मावशी म्हणाल्या, आणि सर नको म्हणायच्या आत त्यांच्या हातावर लाल पेनानं एक चांदणी काढून मोकळ्या झाल्या.