डावा हास्यस्नायू

खोन केन या थाई शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचना शिकवते. आमच्याकडे देहदान केलेल्या माणसाला कुणी प्रेत म्हणत नाही; मुलं त्यांना ‘मोठे गुरुजी’, ‘मोठ्या बाई’ म्हणतात, हात जोडून परवानगी घेतल्याशिवाय सुरी लावत नाहीत, आणि कापलेला कण अन् कण जपून ठेवतात, कारण वर्षअखेरीस अग्नी द्यायचा तो अख्ख्या देहाला. मला मात्र ती पाठीमागे ‘दगडी मॅडम’ म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. रोज एकटीनं जेवणाऱ्या बाईनं हसायचं तरी कुणाशी?

यंदाच्या मोठ्या बाई लम्दुआन. त्यांचे यजमान प्रासितकाका पहिल्याच दिवशी मुलांना म्हणाले होते, “आमची ही डाव्या गालात हसायची, बरं का. भांडतानासुद्धा!”

ओठाचा कोपरा बाजूला ओढणारा हास्यस्नायू हाडाला धरलेला नसतो, गालाच्या पातळ पडद्यावरून निघतो. कित्येकांना तो नसतोच. बाईंना तो फक्त डावीकडे होता, दोऱ्यासारखा बारीक. मुलांच्या हातून तुटेल म्हणून त्या दुपारी घाईघाईनं सुरी मीच घेतली.

“मॅडम, परवानगी राहिली,” मुलांमधला वीरयुत हळूच म्हणाला.

“आधी नीट बघ, मग बोल.”

स्नायू अलगद सुटला. मी तो ताटलीत ठेवला. तास संपला तेव्हा ताटली रिकामी होती.

संध्याकाळी नेहमीच्या जेवणाच्या गाडीवर नोईमावशीनं माझ्या वाटीत न मागता एक अंडं जास्त घातलं. “आज स्वारी खुशीत! कोण भेटलं?” मी तर हसलेच नव्हते. घरी येऊन आरशात पाहिलं, तोंड होतं तसंच सरळ होतं. पण त्या दिवसापासून माणसं माझ्याकडे बघून हसायला लागली. फाटकावरचा रखवालदार, ग्रंथपाल, शेजारणीचं तान्हं बाळसुद्धा. खरं सांगते, मला ते फार आवडलं. इतकं, की हरवलेला स्नायू शोधायचं मी सोडून दिलं.

अग्नीच्या दिवशी मुलांनी बाईंचं सगळं परत पेटीत ठेवलं. वीरयुतनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. पेटीखाली ज्वाळा उठल्या तरी प्रासितकाका तिकडे फिरकले नाहीत. गर्दीतून वाट काढत ते सरळ माझ्यापाशी आले आणि माझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.

“किती उशीर गं,” ते म्हणाले. “भात निवला असेल.”

मी त्यांना माझं नाव सांगणार होते. पण इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी भात झाकून ठेवला नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही घराकडे निघालो.

मागून वीरयुत “मॅडम, मॅडम” अशा हाका मारत होता. बिचारा! त्याच्या मॅडमना आत्ताच तर अग्नी दिला.