हललेले फोटो

लग्नाच्या धंद्यात फोटो बिघडत नाही, हलतो. आणि हललेल्या फोटोला माफी नसते. नवरीच्या मामाचा चेहरा पुसट आला, तर तो मामा वर्षभर रस्त्यात ओळख देत नाही. चौसाळ्याच्या महांतेशला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. उभी हयात त्यानं माणसं कॅमेऱ्यात ठसठशीत पकडण्यात घालवली होती. आता मात्र त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता.

बीडच्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या तो पाणी प्यायच्या निमित्तानं दुकानाच्या मागं जाऊन घेई. बायकोला, ईश्वरीला, त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. फोटो निवडायचं आणि अल्बम लावायचं काम तीच करी, तरी तिच्या ध्यानात काही आलं नाही असं तो धरून चालला होता. नवऱ्यांना असली समजूत फार सोयीची पडते. अलीकडे तर ती जुना कॅमेरा गळ्यात घालून प्रत्येक लग्नाला बरोबर यायला लागली होती. या वयात तुला कसली हौस सुटली, म्हणून तो तिला चिडवी. ती हसे आणि पुढं चालू लागे.

माजलगावच्या धरणाकाठी पर्यटन महोत्सव भरला, तेव्हा जिल्ह्यातला आणि स्वस्तातला फोटोग्राफर म्हणून महांतेशला बोलावणं आलं. पहिल्याच संध्याकाळी तांड्यावरच्या बायकांचा नाच झाला. आरशांचे घागरे, हातभर बांगड्या, गरगर गिरक्या. महांतेशनं भराभर फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं तर सगळे हललेले. घाम फुटला त्याला. तेवढ्यात महोत्सवाचं काम बघणारी पुण्याची मॅडम मागून डोकावली. आता ही हाकलणार, असं वाटून त्यानं मान खाली घातली. मॅडम मात्र भलतीच खूश झाली. काय गती पकडलीय काका, याला मोशन ब्लर म्हणतात, आम्हाला असेच हवेत, असं म्हणून तिनं आणखी चौघांना बोलावून ते फोटो दाखवले.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी. महांतेशला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी फार थकल्यासारखंही. कारण खरा प्रकार त्याला ठाऊक होता. तरुणपणी धंदा शिकवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली असले फोटो त्यानं मुद्दाम काढले होते. शटर हळू ठेवायचं, हात दगडासारखा धरायचा. मग नाचणारी तेवढी वाहत जाते, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. त्याच्या आजच्या फोटोंत घागऱ्यांबरोबर मंडपाचे खांबही नाचत होते. मॅडमला खांब दिसले नाहीत. तिनं दुसऱ्या दिवसाचंही काम त्यालाच दिलं.

दुसऱ्या दिवशी वैजिनाथमामा आला. मामा म्हणजे पुरवंत. लिंगायतांच्या घरी लग्नाआधी गुग्गुळाची मिरवणूक निघते, तिच्या पुढं वीरभद्राचा पोशाख घालून, तलवार घेऊन नाचणारा. भगवा अंगरखा, पायांत चाळ, छातीवर वीरभद्राचा पितळी मुखवटा. कितीतरी लग्नांत हे दोघं समोरासमोर होते: मामा नाचत पुढं येणार आणि महांतेश कॅमेरा डोळ्याला लावून त्याच्यापुढं उलटा चालत जाणार. उलटं चालताना गटार आलं की मामा नाचता नाचताच भुवई उडवून त्याला सावध करी.

नाच झाला. मामाचे गुडघे गेले होते, तरी शेवटची गिरकी त्यानं पुरती घेतली. मग धापा टाकत तो मंडपामागच्या लिंबाखाली आला आणि महांतेशला म्हणाला, "आता पोशाख पुतण्याला देणार. माजं झालं. पण तू इतकी वर्षं माज्यापुढं उलटा चाललास, मी समद्यांच्या अल्बमात हाय. माज्या घरी माजा एक बी फोटो न्हाई. एक नीट काढ बाबा. उभा, गप."

महांतेशनं आभाळाकडं पाहिलं. उद्या काढू म्हणायची सोय नव्हती. हा पोशाख पूजा करून चढवतात, आणि उतरला की नुसत्या फोटोसाठी परत अंगावर घेत नाहीत, हा मामाच्या घराचा नेम. महोत्सवाला यायलाही तो याच कारणानं आधी नाही म्हणाला होता, पूजेची सोय झाल्यावरच आला. सूर्य धरणात बुडाला होता. फ्लॅश मारावा तर पितळी मुखवटा उजेड उलटा फेकी आणि मामाचा चेहरा पांढराफटक होई. न मारावा तर शटर हळू करावं लागे. व्हिडिओवाल्यांकडं स्टँड होते, पण एका साध्या उभ्या फोटोला स्टँड मागणं म्हणजे भर मांडवात आपला हात उघडा करणं.

त्यानं श्वास रोखून फोटो काढला. हलला. कोपर पोटाशी दाबून काढला, लिंबाला टेकून काढला. हलले. पडद्यावर प्रत्येक वेळी एकाच्या जागी दीड मामा उभा होता.

"बघू," म्हणून मामानं मान पुढं केली. त्याचा चष्मा पिशवीत होता. डोळे बारीक करून त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "झकास हाय की. तू काडलेला खराब कसा येईल?"

इथं गप्प बसलं की भागणार होतं. ईश्वरी बाजूलाच चटईवर बसून वायरी गुंडाळत होती, तिनं मानही वर केली नव्हती. महांतेशला वाटलं, जाऊ द्या, दमलो आपण. मग त्याला मामाच्या घरची रिकामी भिंत दिसली, आणि तिच्यावर टांगलेला हा पुसट मामा. चष्मा लावून मामा त्या फोटोसमोर उभा राहील आणि आपल्या डोळ्यांनाच दोष देईल.

"मामा, हलले समदे," तो म्हणाला. "माजा हात हालतोय. लई दिवस झाले."

मामा त्याच्या हाताकडं बघायला लागला. बोलली ईश्वरी. "ठाव हाय," ती उठत म्हणाली. "संक्रांतीपासून हललेले मीच काडून टाकते, आन् त्या जागी माजे लावते. तुमाला वाटलं मला कॅमेऱ्याची हौस हाय."

महांतेशला राग यायला हवा होता, तो आला नाही. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यावर माणूस जसा नुसता उभा राहतो, तसा तो उभा राहिला. मग त्यानं गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

तिनं मामाचा फोटो काढला. मुखवट्याच्या मिशासुद्धा मोजून घ्याव्यात असा आला. मामानं पिशवीतून चष्मा काढून तो पाहिला, बराच वेळ पाहिला. मग महांतेशला म्हणाला, "आता तू बी ये हिकडं. जन्मभर समोरच राहिलास, एकदा बाजूला हुबा ऱ्हा."

दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ईश्वरीनं बटण दाबलं. तिघांनी मिळून पडद्यावर पाहिलं. लिंबाची पानं जागच्या जागी होती. मामाची तलवार, छातीवरचा वीरभद्र, महांतेशचा दमलेला चेहरा, सगळं ठसठशीत होतं. फक्त त्याच्या मांडीशी सोडलेल्या हाताच्या जागी एक पुसट फटकारा होता.

ईश्वरीचा अंगठा सवयीनं खोडायच्या बटणावर गेला. महांतेशनं तो धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "हा बरोबर हललाय."

मामा म्हणाला, भिंतीवर हाच लावायचा, आणि चाळ सोडायला खाली बसला.