दोन मिलिमीटर

मित्रांनो, माणसांच्या कवट्या मोजणारा मी एक जुना कॅलिपर आहे. स्टीलची पट्टी, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, एक टोक स्थिर आणि एक सरकणारं. या दोन टोकांत हाड धरलं की त्याची रुंदी वाचता येते.

गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात मला घडवलं. तिथून मी चेन्नईतल्याच एका न्यायवैद्यक विभागात आलो. ओळख न पटलेली हाडं पोलीस तिथे आणतात. नुसती कवटीच मिळाली, तर ती पुरुषाची की स्त्रीची हे आधी ठरवावं लागतं. गालांच्या हाडांची रुंदी, कानामागच्या उंचवट्याची लांबी, अशी मापं मी देतो. ती सूत्रात घातली की एक आकडा येतो. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर असला तर बहुधा पुरुष, खाली असला तर बहुधा स्त्री. यातला 'बहुधा' कुणी विसरू नये. पुष्कळ पुरुषांची हाडं नाजूक असतात.

काशिनाथ मला सांभाळत. ते तिथले तंत्रज्ञ, तंजावरी मराठी घरातले. रोज मऊ फडक्याने पुसत, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब देत. माप ते वाचत आणि डॉक्टर लिहून घेत. "काशिनाथांचं माप म्हणजे माप," असं सगळे म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

एकदा त्यांच्याच हातून मी फरशीवर पडलो. सरकणारं टोक किंचित बाहेर वाकलं आणि मी प्रत्येक माप दोन मिलिमीटर कमी दाखवू लागलो. काशिनाथांना ते लगेच कळलं. पण इतक्या वर्षांत त्यांच्या हातून काही पडलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, ते कुणाला बोलले नाहीत. मनातल्या मनात दोन मिळवून ते आकडा सांगू लागले. तीन वर्षं एकदाही चुकले नाहीत. मग ते निवृत्त झाले.

त्यानंतर डॉक्टर रेवा मला स्वतः वाचू लागल्या. त्या मूळच्या सांगलीच्या, कामाला चोख. माझं शून्य मात्र त्यांनी पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात ओरगडमजवळच्या आटलेल्या तळ्यात एक कवटी सापडली. बाकीची हाडं कुत्र्यांनी नेली होती. बातमी कळताच सकवारबाई विभागात आल्या. त्यांचा मुलगा नागोजी तिथल्या कारखान्यात कामाला होता. वर्षभरापूर्वी पाळीवर म्हणून गेला, तो परतलाच नव्हता.

आकडा रेषेच्या जरासा खाली आला. रेवांनी 'स्त्री' असं लिहिलं.

"अम्मा, ही बाईची आहे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"नीट पाहिलंस ना, कण्णा, माझ्या बाळा?"

"मोजून पाहिलंय."

"मग माझा आहे कुठं तरी. चोर मेला, मजेत बसून इडल्या खात असेल. येऊ दे, कानच उपटते." दुसऱ्या दिवशी डबाभर शिरा आणून त्यांनी सगळ्यांना वाटला.

पोलीस बेपत्ता बायकांची यादी घेऊन बसले. कुणाशीच काही जुळेना. अखेर एक दात राखून कवटी बेवारस म्हणून पुरली गेली. सकवारबाईंची सून माहेरी जायला निघाली, तिला त्यांनी थांबवून धरलं. घरमालकाने घर सोडायला सांगितलं, तरी त्या हलल्या नाहीत. पोरगा याच पत्त्यावर येणार, म्हणाल्या.

सात महिन्यांनी रेवा विद्यार्थ्यांना शिकवत होत्या. "आधी टोकं मिटवा, शून्य पाहा," असं म्हणत त्यांनी मला खिडकीसमोर धरलं. खूण शून्यावर होती, आणि टोकांच्या मधून उजेड येत होता. त्यांनी वर्ग सोडला आणि काशिनाथांना फोन लावला.

"काका, तुम्ही मापात काही मिळवत होता का?"



"दोन," ते म्हणाले. "निरोपाच्या दिवशी सांगणार होतो, डॉक्टरअम्मा. तुम्ही हार घातलात, मग तोंड उघडवेना."

"शून्य मी पाहायला हवं होतं. पहिल्या वर्षीच शिकवतात ते."

"मज सांगा, किती मोजल्या?"

"अकरा. त्यातली एक रेषेपलीकडे जाते."

राखलेला दात आणि सकवारबाईंचं रक्त तपासलं. जुळलं.

रेवांनी ते त्यांना समोर बसवून सांगितलं. काहीही लपवलं नाही. सकवारबाई रडल्या नाहीत. "कशानं मोजलं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. रेवांनी मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी टोकं मिटवली, फट पाहिली, तिच्यात नख घालून पाहिलं.

"एवढ्यासाठी मी पोरीस सात महिने कुंकू लावायला लावलं," त्या म्हणाल्या. "कुठं पुरलंत ते दाखवा."

नागोजी कसा मेला, हे अजून कळलेलं नाही. तेवढ्या महिन्यांत माग पुसून गेला.

काशिनाथ एकदा येऊन गेले. माझ्या खोक्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'वापरू नये' असं लिहिलं. आता मी कपाटात असतो.

मित्रांनो, मोजण्याआधी शून्य पाहत जा. आणि हातून काही पडलं, तर त्याच दिवशी सांगा. मी पडलो तेव्हा मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं.